जे कोणी वाचत नाही तेही जपायचे : ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहिण्याचा एक क्रम आपल्याकडे ठरून गेला आहे. स्थापनेची तारीख, पहिले पदाधिकारी, वास्तूचे उद्घाटन, पुस्तकांची वाढत गेलेली संख्या, थोरामोठ्यांच्या भेटी आणि शेवटी देणगीदारांचे आभार. वार्षिक अहवालाला हा क्रम शोभतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा इतिहास मात्र त्या क्रमाने सांगितला तर त्यातली खरी गोष्ट हातची निसटते. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे, विष्णु भास्कर पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था काढली, तेव्हा महाराष्ट्रात वाचनालयांची वाण नव्हती. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ पासूनचे, अहमदनगरचे १८३८चे, नाशिकचे १८४०चे. लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात १८४८ साली वाचनालय निघाले, कोल्हापुरात १८५० साली, सावंतवाडीत १८५२ साली. शेजारच्या कल्याणातही सदाशिव मोरेश्वर साठे यांच्या प्रयत्नांनी १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय सुरू होते. म्हणजे गावात एक खोली घ्यावी, वर्तमानपत्रे मागवावीत, वर्गणीदारांना पुस्तके घरी न्यायला द्यावीत, ही कल्पना ठाणेकरांना शोधून काढावी लागली नाही. त्यांनी केले ते वेगळे होते. मराठीत छापलेले जे जे पुस्तक मिळेल ते जमवायचे, आणि जमवलेले ठेवायचे, असा नेम त्यांनी स्वतःला घालून घेतला. ‘मराठीतले पहिले ग्रंथसंग्रहालय’ हा मान संस्थेला मिळतो तो या नेमामुळे. आणि संस्थेच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत, तिच्या कामगिरीत तसेच तिच्या अडचणींतही, तोच नेम मुळाशी आहे, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

हा नेम किती वेगळा होता हे समजण्यासाठी आधीची वाचनालये कशी होती ते पाहावे लागते. त्यातली बरीचशी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने जन्मली. कलेक्टर, जज्ज, शाळाखात्याचे अधिकारी यांचे प्रोत्साहन, संस्थानिकांची किंवा सरदारांची मदत आणि नव्याने इंग्रजी शिकलेल्या कारकून-वकिलांची वर्गणी यांवर ती चालत. कपाटांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असणे ओघाने आलेच, कारण ज्या ज्ञानासाठी लोक तिथे येत ते इंग्रजीत होते. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. त्या वाचनालयांनी दोन पिढ्या घडवल्या आणि मराठीतल्या कितीतरी लेखकांचे वाचन तिथेच झाले. पण त्यांच्या दृष्टीने पुस्तक हे वाचून संपण्याची वस्तू होती. फाटले की काढून टाकायचे, जुने झाले की नवे घ्यायचे. मराठी पुस्तक कपाटात असले तर ते वाचकाला हवे म्हणून. ते मराठी आहे एवढ्याच कारणाने जपले पाहिजे, असे कोणी म्हणत नव्हते.

मग तसे म्हणण्याची गरज १८९३ साली कोणाला का वाटावी? एक कारण काळाचे आहे. १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले, तेव्हापासून मोजले तर मराठी मुद्रणाला ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या, पंचांगे, शाळाखात्याची क्रमिक पुस्तके, मिशनऱ्यांची पत्रके आणि त्यांना दिलेली उत्तरे, नाटके, कादंबऱ्या, मासिके असा मोठा ढीग तयार झाला होता, आणि त्यातला आरंभीचा भाग नाहीसाही होऊ लागला होता. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणे छापखान्यांना बंधनकारक झाले होते आणि सरकार त्यांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करीत होते. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तो अशाच सरकारी नोंदींच्या आधारे. यादी होती, पण यादीतली पुस्तके एका जागी बसून पाहायची तर कुठे जायचे? १८९२ साली ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ठाण्याची संस्था त्याच्या पुढच्याच वर्षी निघाली. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव होता असे मुळीच म्हणायचे नाही. पण मराठी पुस्तकांचा एक व्यवस्थित, सूचीबद्ध संग्रह लंडनला उभा राहतो आणि ज्यांची ही भाषा त्यांच्या मुलखात तो उभारण्याचे काम कोणाच्याही माथी नसते, ही त्या काळची वस्तुस्थिती आहे. हे काम सरकारचे नव्हते आणि विद्यापीठाचेही नव्हते. मुंबई विद्यापीठाने सुरुवातीच्या काही वर्षांनंतर, १८६०च्या दशकात, देशी भाषांना पदवीच्या अभ्यासक्रमातून वगळले होते. रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर १९०१ साली एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. म्हणजे ठाण्याची मंडळी मराठी पुस्तके गोळा करू लागली तेव्हा मराठी हा उच्च शिक्षणाचा विषयच नव्हता. ज्या विषयाला अध्यापक नाही, परीक्षा नाही, त्या विषयाचे साधनग्रंथ एका गावाने जमवायला घेतले.

आणि ते गाव लहान होते. आज अठरा लाखांहून अधिक वस्तीचे महानगर डोळ्यांसमोर असताना हे मुद्दाम सांगावे लागते. १९०१च्या शिरगणतीत ठाणे शहराची लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास होती. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी इथे येऊन थांबली, त्यामुळे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्या आगगाडीनेच ठाण्याची व्यापारी आणि बौद्धिक हालचाल मुंबईकडे ओढून नेली. उरले ते जिल्ह्याचे ठिकाण : कलेक्टर कचेरी, न्यायालय, किल्ल्यातला तुरुंग, सरकारी शाळा, भोवती भातखाचरे, खाडी आणि मिठागरे. एक मात्र होते. छापखान्याची परंपरा गावात रुजली होती. काशिनाथ विष्णू फडके यांचा ‘अरुणोदय’ १८६६ पासून ठाण्यात निघत होता. वर्तमानपत्र चालवणारे, त्यात लिहिणारे आणि ते विकत घेणारे लोक ज्या गावात असतात तिथे छापील कागदाची किंमत कळणारी माणसेही असतात. कुलाबा जिल्ह्यातल्या पळस्पे गावच्या, मिठाचा व्यवसाय असलेल्या घरातल्या भाव्यांना अशी माणसे इथे भेटली. संस्था निघाली तेव्हा त्यांचे वय २१ वर्षांचे होते.

भाव्यांचे चरित्र इथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही, पण त्यांच्या लेखनाचा क्रम या लेखाच्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. १८९३ साली संग्रह सुरू झाला. १८९८ साली, म्हणजे पाच वर्षांनी, ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा त्यांचा निबंध विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’त आला. १९०३ पासून त्यांनी ‘महाराष्ट्र कवी’ हे मासिक चालवले आणि अप्रकाशित जुने काव्य त्यातून उजेडात आणले. पुढे ‘मराठी दप्तर’ काढून जुनी कागदपत्रे आणि बखरी छापल्या. १९१९ साली ‘सारस्वत’ पुष्कळ वाढलेल्या रूपात ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाले. मराठी वाङ्मयाचा सुसंगत इतिहास सांगण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. तो पुण्यातल्या कॉलेजात किंवा मुंबईच्या विद्यापीठात जन्मला नाही. ठाण्यासारख्या गावातल्या, विज्ञान शिकलेल्या आणि मिठागरे सांभाळणाऱ्या माणसाने तो लिहिला. हा योगायोग मानणे कठीण आहे. वाङ्मयाचा इतिहास लिहायला आधी वाङ्मय एका जागी दिसावे लागते. काय आहे हे कळले तरच काय नाही हे कळते, आणि जे नाही ते शोधण्याची बुद्धी होते. महानुभाव पंथाच्या ग्रंथांचे उदाहरण घ्या. सांकेतिक लिपींत बंद असलेले ते वाङ्मय १८९८च्या निबंधाच्या वेळी अभ्यासकांच्या आवाक्यात नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांच्या श्रमांनी त्या लिपींचा उलगडा झाला आणि मराठीच्या आरंभकाळाचे चित्रच बदलले. पोथ्या आधी राखल्या गेल्या होत्या, अर्थ मागाहून लागला. पंथाच्या मठांनी शतकानुशतके जे श्रद्धेने केले, तेच छापील पुस्तकांच्या बाबतीत एका नागरी संस्थेने नेमाने करावे, असा ठाण्याचा प्रयत्न होता.

हा नेम इतरांनीही उचलला. १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, १९११ साली पुणे मराठी ग्रंथालय. मोठ्या शहरांनी लहान गावाचे पाहून काही करावे असे प्रसंग आपल्या सांस्कृतिक इतिहासात थोडे आहेत, त्यातला हा एक. या संग्रहांमुळेच पुढे शंकर गणेश दाते यांचा ‘मराठी ग्रंथसूची’चा प्रचंड उद्योग शक्य झाला. १८०० ते १९५० या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची दोन खंडांतली ही सूची म्हणजे एका व्यक्तीने उपसलेला डोंगर आहे. पण पुस्तके कपाटांत नसती तर सूचीकाराने नोंदवले काय असते? सरकारी याद्यांतली नावे पुन्हा उतरवून काढणे आणि प्रत्यक्ष पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठ, पृष्ठसंख्या, मुद्रणस्थळ पाहून नोंद करणे यांत फार अंतर आहे. ते अंतर संग्रहालयांनी मिटवले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. फक्त मराठी पुस्तके ठेवायची हा संकुचितपणा नव्हे काय? १८९३ साली आधुनिक विज्ञान, कायदा, अर्थशास्त्र सगळे इंग्रजीत होते. गावातल्या हुशार मुलाला त्याची गरज होती. त्याच्यापुढे कीर्तनाख्याने आणि नाटके ठेवून संस्थेने त्याचे काय भले केले? यावर पहिले उत्तर असे की इंग्रजी पुस्तकांची सोय करणारी व्यवस्था आधीच उभी होती. तिला सरकारचा, विद्यापीठाचा आणि नोकरीच्या बाजाराचा आधार होता. मराठी पुस्तकाला यातला एकही आधार नव्हता. ज्याला कोणी वाली नाही त्याची काळजी आधी घेणे याला संकुचितपणा म्हणता येत नाही. दुसरे उत्तर अधिक खोल आहे. सगळ्या विषयांची चांगली पुस्तके निवडून ठेवणारे वाचनालय निवड करणाऱ्याच्या अभिरुचीएवढेच मोठे असते. भाषेची एकच अट घालून बाकी सगळ्याला दार उघडे ठेवणारा संग्रह चालकांच्या आवडीनिवडीपेक्षा मोठा होऊ शकतो. पाकशास्त्र, शेतकी, वैद्यक, पशुचिकित्सा, पोथ्या, पंचांगे, नाटकांच्या पदांची चोपडी, जातींच्या परिषदांचे अहवाल यांना उच्च वाङ्मय कोणी म्हणणार नाही. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र अशीच पुस्तके लागतात, आणि निवडक ग्रंथालयांतून तीच सर्वांत आधी बाहेर जातात.

मात्र याच उत्तरातून दुसरा, जास्त टोकदार आक्षेप उभा राहतो. दार उघडे होते हे खरे, पण त्या दारातून आत कोण आले? एकोणिसाव्या शतकातल्या इतर साहित्यसंस्थांप्रमाणे हीही शिकलेल्या मध्यमवर्गाने काढलेली संस्था. पुस्तके देणगीने येतात, देणगी ओळखीने येते आणि ओळखी जातीच्या व वर्गाच्या कुंपणात असतात. ज्यांचे लिहिणे त्या कुंपणाबाहेर छापले गेले त्यांचे काय? त्यांचे काय झाले हे आपल्याला माहीत आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले आणि मग जवळजवळ शतकभर विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकाला कळले की स्त्रीमुक्तीचा इतका धारदार विचार आपल्याच भाषेत मांडला गेला होता. जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ सालचे, ते छापील रूपात आले १९७९ साली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेल्या ‘दीनबंधू’चे जुने अंक सलग मिळत नाहीत, आणि सत्यशोधक चळवळीच्या प्रत्येक अभ्यासकाला ती उणीव जाणवते. उलट मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा १८५५ सालचा निबंध आज प्रत्येक संकलनात असतो, कारण तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला आणि मिशनऱ्यांच्या त्या पत्राचे अंक जपले गेले. म्हणजे कोणाचा आवाज पुढच्या शतकात ऐकू यावा हे लिहिणाऱ्याच्या प्रतिभेइतकेच ठेवणाऱ्याच्या कपाटावर अवलंबून राहिले. एवढा मोठा आरोप असताना ग्रंथसंग्रहालयांची बाजू कशी घ्यायची?

माझे म्हणणे असे की हा आरोप बऱ्याच अंशी मान्य करावा आणि तरीही नेम सोडू नये. ज्यांनी नेम केला त्यांच्या दृष्टीला मर्यादा होत्या. नेमाच्या शब्दांना त्या नव्हत्या. ‘मराठीत छापलेले जे जे’ या अटीत ‘स्त्रीपुरुष तुलना’ बसत होती, फुल्यांची ‘गुलामगिरी’ बसत होती, जलशांची पदे आणि शेतकऱ्यांच्या सभांची पत्रकेही बसत होती. ती आणली गेली नाहीत तेव्हा नेम पाळला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. ज्या संस्थेचे धोरणच ‘उत्तम तेवढे घेऊ’ असे असते, तिला अशा उणिवेचा जाब विचारताच येत नाही, कारण ‘आम्हाला ते उत्तम वाटले नाही’ हे तिचे उत्तर तयार असते. सगळे ठेवण्याचे वचन देणाऱ्या संस्थेला मात्र तिच्याच शब्दांत धरता येते. विसाव्या शतकात दलित, ग्रामीण, आदिवासी, मुस्लिम मराठी साहित्याचे प्रवाह आले तेव्हा त्यांना जागा देण्यासाठी या संस्थेला आपले उद्दिष्ट बदलावे लागले नाही. ते मुळातच तेवढे रुंद होते.

आता पैशाकडे आणि कायद्याकडे वळू, कारण वचन पाळायला दोन्ही लागतात. ठाण्याच्या संस्थेसारखी वाचनालये गावोगाव लोकांनी वर्गणीतून, देणग्यांतून आणि फुकट श्रमांतून उभी केली होती. १९४८ साली मद्रास प्रांताने ग्रंथालय कायदा केला, तेव्हा तिथे स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणे नेमली आणि घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर लावला. १९६५च्या म्हैसूरच्या कायद्यातही उपकर आला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत होऊन १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याने वेगळी वाट धरली : उपकर नाही, आणि लोकांनी काढलेल्या ग्रंथालयांना मान्यता देऊन, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून, त्यांना अनुदान द्यायचे. या वाटेने जाता आले याचे कारण मान्यता देण्यासारख्या संस्था इथे आधीच उभ्या होत्या. या धोरणाने राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, हा त्याचा मोठा गुण. पण उपकराचा हक्काचा पैसा नसल्यामुळे अनुदान वर्षानुवर्षे एका जागी गोठते आणि ग्रंथपालाला मिळणारे वेतन सांगताना संकोच वाटावा असे राहते, हा तितकाच मोठा दोष. लोकांच्या पुढाकाराचे कौतुक करीत सरकारने आपली जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर ठेवली, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पटते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कायद्याचा आणखी एक परिणाम झाला, आणि त्याची चर्चा होत नाही. अनुदानासाठी जे मोजले जाते ते असे : सभासद किती, ग्रंथ किती, नियतकालिके किती, वर्षात नवी खरेदी किती, देवघेव किती. हे सगळे आकडे वाचनालयाच्या कामाचे आहेत. साठ वर्षांपूर्वी छापलेली, बांधणी उसवलेली, दहा वर्षांत कोणी न मागितलेली एक प्रत ग्रंथपालाने कसरीपासून वाचवली तर ते कोणत्याच रकान्यात येत नाही. उलट ती प्रत निर्लेखित करून जागा मोकळी करणे सोयीचे ठरते. परिणामी ठाण्याच्या संस्थेला १९६८ नंतर दोन कामे एकाच हाताने करावी लागली. एक, ‘अ’ वर्गाच्या निकषांत बसणारे गजबजलेले वाचनालय चालवायचे : देवघेव, मुक्तद्वार वाचन, बालविभाग, व्याख्याने, दिवाळी अंकांची योजना, नौपाड्यातली शाखा. दोन, १८९३चा नेम पाळायचा, ज्याला ना रकाना ना अनुदान. पहिले काम लोकांना दिसते आणि ते नीट झाले पाहिजेच. ठाणे शहरात १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. त्यांतल्या शेवटच्या संमेलनाचे यजमानपद या संस्थेने सांभाळले. एवढे मनुष्यबळ आणि एवढा लोकविश्वास वाचकांच्या रोजच्या येण्याजाण्यातूनच तयार होतो. पण दुसरे काम मागे पडले तर पहिले कोणीही करू शकेल असे होते, आणि मग या संस्थेचे असे वेगळे काही उरत नाही.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप असा असतो : जागा मर्यादित, भाव गगनाला भिडलेले. ज्या कपाटाकडे वर्षभर कोणी फिरकत नाही त्याऐवजी स्पर्धापरीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिकेची आणखी चार बाके का मांडू नयेत? ही मुले लहान घरांतून येतात, त्यांना शांत जागा लागते, ही गरज खरी आहे आणि संस्थेने ती भागवावी. पण दोन गोष्टी विसरू नयेत. अभ्यासिका शाळेच्या रिकाम्या वर्गात, महापालिकेच्या सभागृहात, समाजमंदिरात कुठेही चालवता येते, आणि पुढच्या वर्षी नव्याने सुरूही करता येते. एकदा रद्दीत गेलेले १८९० सालचे पुस्तक पुढच्या वर्षी परत आणता येत नाही. शिवाय न वाचले जाणारे पुस्तक म्हणजे निरुपयोगी पुस्तक, हा हिशेबच चुकीचा आहे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ नव्वदहून अधिक वर्षे कोणी फारसे वाचले नाही. त्या काळातल्या कोणत्याही वर्षी देवघेवीचा आकडा पाहून निर्णय घेतला असता तर ते पुस्तक निर्लेखनाच्या यादीत पहिले असते.

राहिला डिजिटल प्रतींचा मुद्दा. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी दुर्मिळ ग्रंथांच्या डिजिटल प्रती उपलब्ध करून दिल्या, अनेक ग्रंथालयांनीही हे काम केले, आणि त्यामुळे मिरजेतल्या किंवा मॉरिशसमधल्या अभ्यासकाला ठाण्याला न येता पुस्तक वाचता येते. हा लाभ मोठा आहे आणि जुन्या प्रती कमी हाताळल्या जातात हा आणखी एक. पण स्कॅन करायला मूळ प्रत लागते, ती कोणीतरी आधी राखलेली असावी लागते. स्कॅनमध्ये पान सुटले, घडीचा नकाशा अर्धवट आला, समासातला मजकूर कापला गेला, तर पडताळायला मूळच पाहावे लागते. आणि मूळ प्रती झपाट्याने खराब होत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद वापरात आला. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. हातकागदावरच्या तीनशे वर्षांपूर्वीच्या पोथीपेक्षा १९२० सालची कादंबरी जास्त नाजूक असते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, पण ग्रंथपालांना ते रोज दिसते. त्यात खाडीकाठच्या गावाची दमट हवा, वाळवी आणि कसर. जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचे जे नुकसान झाले त्याने आणखी एक धडा दिला : एकच प्रत एकाच ठिकाणी असणे पुरेसे नाही. रत्नागिरी, चिपळूण, ठाणे, मुंबई, पुणे इथल्या संग्रहांनी आपापल्या दुर्मिळ प्रतींच्या याद्या एकमेकांशी ताडून पाहिल्या, तर कोणती प्रत खरोखर एकमेव आहे हे कळेल आणि बांधणीचा, आम्ल काढण्याचा, स्कॅनिंगचा खर्च आधी कुठे करायचा ते ठरवता येईल. दात्यांनी सूची केली तेव्हा हे काम एका माणसाच्या पायपिटीवर झाले. आज संगणकीकृत याद्या असताना ते अवघड नसावे.

नेम जुना असला तरी त्याखाली येणारे साहित्य रोज नवे छापले जाते, आणि इथे संस्थेने आपल्याच गावाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. ठाणे हे गेल्या साठ वर्षांत गाव राहिले नाही. वागळे इस्टेट ही राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत इथे उभी राहिली, भोवती कामगारांच्या चाळी आल्या, कामगार संघटनांची पत्रके निघाली, संपाच्या सभांची हस्तपत्रके वाटली गेली. यातले बहुतेक सगळे मराठीत छापलेले होते. खाडीकाठच्या आगरी आणि कोळी गावांतल्या गीतांच्या पुस्तिका, जत्रांचे कार्यक्रम, जमिनीच्या लढ्यांची निवेदने, वारली वस्त्यांत काम केलेल्या संघटनांचे अहवाल, स्थानिक साप्ताहिके आणि सायंदैनिके, गृहनिर्माण संस्थांच्या स्मरणिका, बुद्धजयंतीची पत्रके, भजनी मंडळांच्या वह्या हे सगळे अगदी हाताशी आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. १८९३ साली भावे आणि पटवर्धनांना ‘अरुणोदया’चे अंक असेच हाताशी असणारे वाटले असतील. शंभर वर्षांनी ठाण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला प्रसिद्ध कादंबऱ्या कुठेही मिळतील. वर्तकनगरच्या कामगार वस्तीत वाटलेले एक पत्रक मात्र इथे नसेल तर कुठेच नसेल.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. शहरातल्या छापखान्यांना आणि मुद्रकांना प्रत्येक मराठी छापकामाची एक प्रत संस्थेला देण्याची विनंती करावी, कायद्याचा बडगा न दाखवता आणि पोच देऊन. प्रत्येक प्रभागातून एक सभासद पत्रके आणि पुस्तिका जमवण्यासाठी नेमावा, आणि तो त्या वस्तीतलाच असावा, म्हणजे देणगी ओळखीच्या कुंपणात अडकण्याचा जुना दोष काही अंशी तरी दूर होईल. दाखल नोंदवहीत अशा साहित्यासाठी वेगळी मालिका सुरू करावी, त्याला निर्लेखनाचा नियम लागू नये असा ठराव सर्वसाधारण सभेत करून ठेवावा. आणि वार्षिक अहवालात सभासदसंख्या व देवघेवीच्या आकड्यांशेजारी आणखी एक तक्ता द्यावा : या वर्षी नव्याने जमा झालेले दुर्मिळ किंवा किरकोळ छापील साहित्य किती, जुन्या प्रतींपैकी किती दुरुस्त केल्या, किती स्कॅन झाल्या, किती हरवल्या वा नष्ट झाल्या. शासन हा तक्ता आज मागत नाही. सभासदांनी तो मागावा, आणि पुढच्या अहवालापासूनच मागावा.